सहाशे साठ नंबर लागले, आता वॉशिंग्टनवाल्या कार्डांचं काय करू?

वाचकाचं पत्र

नमस्कार, मी बेसबॉल कार्डं जमवतो. १९७४ चा टॉप्स कंपनीचा सेट बरीच वर्षं करत होतो, तो एकदाचा झाला, १ पासून ६६० पर्यंत सगळे नंबर अल्बममध्ये लागले. आनंदाने मित्राला दाखवला तर तो म्हणाला, "हा पूर्ण कुठे झाला? यात वॉशिंग्टनवाली कार्डं कुठायत?" तेव्हापासून अल्बम उघडला की रिकामंच दिसतं सगळं. त्यात एक विक्रेता सारखे फोटो पाठवतो, कुठे शाईचा ठिपका पडलाय, कुठे रंग सरकलाय, आणि म्हणतो एरर आहे, रेअर आहे, आत्ता नाही घेतलं तर परत मिळणार नाही. पुढे फ्लीअर कंपनीचा १९८९ चा सेट करायचा विचार आहे पण तिथे बिली रिपकेनच्या एकाच कार्डाच्या कितीतरी तऱ्हा आहेत म्हणे. बायको विचारते, संपलं म्हणाला होतात ना? एरर (चुकीची छपाई) आणि व्हेरिएशन (एकाच नंबरची वेगळी छपाई) यांच्या मागे लागावं का सोडून द्यावं?
– सहाशे साठवर अडकलेला

उत्तर

अहो, पहिलं हे ऐका, तुमचा सेट पूर्ण आहे. अगदी पूर्ण. टॉप्स आधी सेट टप्प्याटप्प्याने काढायचं, १९७४ ला पहिल्यांदा सगळा एकदम बाजारात आणला, त्यात ६६० नंबर होते आणि तुमच्याकडे प्रत्येक नंबरचं एक कार्ड आहे. विषय संपला. तुमचा मित्र जे म्हणतोय त्याला मास्टर सेट म्हणतात, म्हणजे प्रत्येक नंबरच्या सगळ्या तऱ्हांसकट, ती वेगळी गोष्ट आहे, ग्रेडिंग कंपन्यांच्या (कार्डांचा दर्जा तपासून गुण देणाऱ्या) रजिस्ट्रीमध्येसुद्धा साधा सेट आणि मास्टर सेट अशा वेगळ्या याद्या ठेवलेल्या असतात. आणि मित्राला एक विचारा, त्याने वॉशिंग्टन काढलं पण त्याच वर्षीच्या ट्रेडेड सेटची, म्हणजे टीम बदललेल्या खेळाडूंच्या जादा सेटची ४४ कार्डं का नाही काढली? लाल बॉर्डरच्या २४ टीम चेकलिस्ट, म्हणजे टीमवार यादीची कार्डं का नाही? कारण त्यानेही कुठेतरी रेघ मारलीच आहे. सगळेच मारतात. फक्त ती रेघ तुम्ही स्वतः मारायची, मित्राने किंवा विक्रेत्याने नाही, माझं सगळं म्हणणं एवढ्याभोवतीच आहे.

रेघ मारायला मी एकच प्रश्न वापरतो. कंपनीने जाणूनबुजून छपाईची प्लेट बदलली का? म्हणजे आधी एक छापलं, मग कोणाच्या तरी लक्षात आलं किंवा परिस्थिती बदलली, आणि त्यांनी मुद्दाम दुसरं छापलं. तसं असेल तर ती दोन वेगळी कार्डं आहेत, दोन्हींना सेटमध्ये जागा मागायचा हक्क आहे. तसं नसेल तर ती छपाईची गडबड आहे, आवडली तर ठेवा, पण सेटचा भाग म्हणून नाही.

या प्रश्नाने एक मोठं ओझं लगेच उतरतं. ज्या चुका कंपनीने कधी दुरुस्तच केल्या नाहीत त्यांच्या मागे धावायचं कारणच उरत नाही कारण त्या तुमच्याकडे असतातच. १९५७ च्या टॉप्समध्ये हँक आरनचं २० नंबरचं कार्ड बघा, निगेटिव्ह उलटी लागली म्हणून उजव्या हाताने खेळणारा माणूस डावखुरा दिसतो, छातीवरचा ४४ पण उलटा, आणि टॉप्सने ते तसंच राहू दिलं. म्हणजे जगात जेवढी ती कार्डं आहेत तेवढी सगळी चुकीचीच आहेत! तसंच १९६९ चं ऑरेलिओ रॉड्रिगेझचं ६५३ नंबर, ज्यावर त्याच्याऐवजी टीमच्या बॅटबॉयचा, म्हणजे बॅटी सांभाळणाऱ्या पोराचा फोटो आहे, किंवा १९८५ चं गॅरी पेटिसचं ४९७, ज्यावर त्याचा धाकटा भाऊ उभा आहे. ही कार्डं बघायला मजा येते, पाहुण्यांना दाखवायला तर फारच मजा येते, पण कोणी "एरर आहे" म्हणून जास्त पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. चूक झाली म्हणून कार्ड दुर्मिळ होत नाही, चूक लवकर सुधारली तर होतं. हे एवढं डोक्यात बसलं की निम्मे विक्रेते आपोआप गप्प होतात.

आता तुमच्या वॉशिंग्टनबद्दल. इथे माझं स्पष्ट मत आहे, ती घ्या. लगेच नाही, सगळी एकदम नाही, पण घ्या.

कारण त्यामागची गोष्ट बघा ना. १९७३ च्या शेवटी सॅन डिएगो पॅड्रेसची टीम विकून वॉशिंग्टनला जाणार असं जवळजवळ ठरलंच होतं, टॉप्सला तर छपाई आधीच सुरू करावी लागते, म्हणून त्यांनी पॅड्रेसची कार्डं वॉशिंग्टनच्या नावाने छापायला घेतली. नव्या टीमला अजून नाव पण नव्हतं, मग टीमच्या नावाच्या जागी नुसतं ती ज्यात खेळायची त्या 'नॅशनल लीग'चं छोटं रूप टाकलं. आणि मग मॅकडोनाल्ड्सवाल्या रे क्रॉकने जानेवारी १९७४ मध्ये टीम विकत घेतली आणि ती सॅन डिएगोतच राहिली. टॉप्सने घाईघाईने प्लेट बदलल्या पण तोवर काही माल छापून झालेला होता. अशी १५ कार्डं आहेत.

आणि तुमच्याच सेटमधलं १ नंबरचं कार्ड काढून समोर ठेवा. हँक आरन, त्यावर लिहिलंय होमरनचा नवा सर्वकालीन राजा. पण १९७३ चा सीझन संपला तेव्हा आरनचे ७१३ झाले होते, आणि जुना विक्रम होता बेब रूथचा, ७१४! ७१५ वा त्याने मारला ८ एप्रिल १९७४ ला. म्हणजे टॉप्सने विक्रम व्हायच्या आधीच त्याला राजा करून टाकलं. एकाच सेटमध्ये कंपनीने दोन गोष्टी आधीच गृहीत धरल्या, एक खरी ठरली आणि एक पार फसली, आणि दोन्ही कागदावर कायमच्या उरल्या. माझ्या दृष्टीने १९७४ चा सेट म्हणजे हेच आहे. म्हणून ही व्हेरिएशन्स मला सेटच्या बाहेरची वाटत नाहीत, सेटचा अर्धा जीव त्यांच्यात आहे.

विली मॅककोव्हीचं २५० नंबर दोन्ही प्रकारात शेजारी ठेवून बघा कधीतरी. फोटो तोच, नाव तेच, खेळायची जागा तीच, वरच्या निशाणावर एकात सॅन डिएगो आणि दुसऱ्यात वॉशिंग्टन, खालच्या निशाणावर एकात पॅड्रेस आणि दुसऱ्यात ते अर्धवट 'नॅशनल लीग'. बास, एवढाच फरक. पण एकदा बघितला की साधं कार्ड पण आपण नीट बघायला लागतो.

पण खरेदीला निघायच्या आधी तुमचाच अल्बम उघडा!! हे मी फार कळकळीने सांगतोय कारण लोक विसरतात. तुम्ही नंबर बघून कार्डं लावली असणार, टीमचं नाव वाचून नाही. ३२, ५३, ७७, १०२, १२५, १४८, १७३, १९७, २२६, २४१, २५०, ३०९, ३६४, ३८७ आणि ५९९, हे पंधरा नंबर एकेक करून तपासा. एखादं वॉशिंग्टन आधीच आत बसलेलं निघू शकतं आणि मग तुम्हाला उलट सॅन डिएगोवालं शोधायचंय, जे सहज आणि स्वस्तात मिळतं. डुप्लिकेटचा डबा पण तपासा. कोणी १९७४ चा गठ्ठा विकत असेल तर तिथेही आधी हेच नंबर चाळा, विकणाऱ्यालासुद्धा बरेचदा माहीत नसतं आपण काय विकतोय.

आणि डेव्ह विनफिल्डचं ४५६ नंबर, त्याचं रुकी कार्ड, म्हणजे अगदी पहिलं कार्ड, ते या यादीत नाही. तोही पॅड्रेसचाच, पण त्याचं कार्ड फक्त सॅन डिएगोच्या नावाने निघालं. त्यामुळे कोणी वॉशिंग्टनवाला विनफिल्ड दाखवला तर फोन ठेवून द्या, तसं कार्ड टॉप्सने काढलेलंच नाही.

वॉशिंग्टन सोडून तुमच्या सेटमध्ये अजून दोन-तीन छोट्या गोष्टी आहेत. ६०८ नंबरवर अपोडाका या पिचरचं (चेंडू टाकणाऱ्याचं) आडनाव आधी 'अपोडाको' छापलं गेलं आणि मग सुधारलं. ६५४ वर जीझस आलूची खेळायची जागा, म्हणजे आउटफिल्ड, आधी छापायचीच राहिली, मग घातली. ही दोन्ही माझ्या प्रश्नात बसतात, कंपनीने चूक बघितली आणि प्लेट बदलली, म्हणून समोर आली तर घ्या. ५९९ हे चार रुकी पिचर्सचं कार्ड आहे, त्यात वॉशिंग्टनशिवाय सॅन डिएगो पण दोन आकारांच्या अक्षरात मिळतं, मोठ्या आणि लहान. इथे मात्र मी स्वतःहून शोधत बसणार नाही. अक्षर दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं म्हणून रात्र-रात्र जागायचं, त्यात गोष्ट कुठे आहे? अनायासे हाताला लागलं तर ठीक.

आता तो विक्रेता. ठिपके, डाग, सरकलेला रंग, तिरकं कापलेलं कार्ड, हे सगळं तो तुमच्या गळ्यात मारायला बघतोय. छपाई कशी व्हायची ते लक्षात घ्या, निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा असे चार रंग एकावर एक, प्रत्येकाची वेगळी प्लेट, एका मोठ्या शीटवर कितीतरी कार्डं. प्लेटवर धुळीचा कण बसला की गोल पांढुरका डाग, कागद जरा हलला की रंग सरकतो, शाई कमी पडली की चेहरा फिका. असं दर तासाला होत असणार. याची यादी करायला गेलात तर ती मारुतीच्या शेपटासारखी वाढतच जाईल, आणि त्या यादीचं शेवटचं कार्ड कधीच येणार नाही कारण शेवट ठरवणारं कोणी नाहीच. तुम्हाला पूर्ण करायला आवडतं म्हणूनच तुम्ही सेट करता ना? मग जे पूर्ण होऊच शकत नाही ते तुमच्यासाठी नाही.

तुम्ही म्हणाल की मग १९९० च्या टॉप्समधला फ्रँक थॉमस एवढा प्रसिद्ध कसा, तो पण छपाईचाच घोटाळा. बरोबर आहे. ४१४ नंबर, पुढच्या बाजूला नावच नाही. तिथे काळ्या शाईच्या छपाईत काहीतरी आडवं आलं आणि शीटच्या एका पट्ट्यात काळा रंग उतरलाच नाही, म्हणून थॉमसचं नाव गेलं आणि त्याच्या आसपासच्या कार्डांवरच्या काळ्या रेघा पण तुटल्या. ते वेगळं ठरलं कारण तीच गडबड तशीच्या तशी बऱ्याच कार्डांवर आली, तिचं कारण शेजारची कार्डं बघून सिद्ध करता येतं, आणि ज्याचं नाव गेलं तो पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत गेला. तरीसुद्धा १९९० चा सेट करणाऱ्याला मी सांगेन की ४१४ च्या खिशात नावासकट कार्ड लावा आणि पुढे चला. बिननावाचं घ्यायचंच असेल तर ग्रेड केलेलंच घ्या, कारण नाव खरवडून काढलेली कार्डं पण फिरतात. खोडलेल्या जागेची चमक गेलेली दिसते, आणि खऱ्या कार्डावर नावाभोवतीची बारीक काळी रेघ पण अर्धवट असते, नुसतं नावच गायब आणि रेघा ठणठणीत असतील तर संशय घ्या.

मधल्या जागेत बसणारी कार्डं पण असतात, ते मान्य करतो. १९५८ च्या टॉप्समध्ये काही कार्डांवर नाव किंवा टीम पांढऱ्याऐवजी पिवळ्या अक्षरात आहे, १९६९ मध्ये उलट, मिकी मँटलच्या ५०० नंबरवर आडनाव पिवळं आणि पांढरं असं दोन्ही मिळतं, १९६२ च्या दुसऱ्या सिरीजमध्ये (टप्प्यात) काही कार्डांवर हिरवट झाक आहे आणि त्यातल्या काहींचे तर फोटोच वेगळे आहेत. मी फोटो वेगळा असेल तर घ्या म्हणेन, नुसती हिरवट झाक असेल तर सोडा म्हणेन. पांढऱ्या अक्षरातला मँटल ज्याला परवडतो त्याने घ्यावा, पण त्याच्यामुळे दुसऱ्याचा १९६९ चा सेट अपुरा होत नाही.

या छंदातल्या जुन्या लोकांनी हे कधीच ठरवून टाकलंय. १९०९ ते १९११ मधला टी२०६ हा सेट बघा, सगळ्यात नावाजलेला, ५२४ कार्डांचा धरतात. त्यात चार अशी आहेत की सामान्य माणसाच्या हाताला लागणं अवघड, होनस वॅग्नर, एडी प्लँक, आणि दोन चुका, शेरी मॅगीच्या आडनावाचं चुकलेलं स्पेलिंग आणि जो डॉयल, ज्याला भलत्याच लीगमध्ये टाकलं. लोक काय करतात? ५२० झाली की सेट पूर्ण म्हणतात. आणि समोरचा खरा कार्डं जमवणारा त्यावर हुज्जत घालत नाही, उठून हात मिळवतो.

१९८९ च्या फ्लीअरबद्दल मी थोडा कडक आहे. ६१६ नंबर, बिली रिपकेन, बॅटच्या मुठीच्या टोकाला शिवी लिहिलेली आणि ती तशीच छापून आली. मग फ्लीअरने ती झाकायला एक नाही अनेक मार्ग वापरले, पांढरं फासलं, काळ्याने गिरवलं, काळा चौकोन टाकला, आणि त्यातही परत उपप्रकार. माझ्या प्रश्नाप्रमाणे बघितलं तर कंपनीने मुद्दाम बदललं म्हणून सगळी घ्यायला हवीत, पण इथे मी माझीच रेघ थोडी आत ओढतो. सेटसाठी काळ्या चौकोनाचं एक, ते भरपूर मिळतं. हौस म्हणून शिवीवालं मूळ एक. बास. पांढरं फासलेलं कमी सापडतं म्हणून त्याला भाव आहे आणि भाव आहे म्हणून कोणीतरी घरी बसून पांढरं फासतं, त्यामुळे ते ग्रेड न केलेलं, सुटं अजिबात घेऊ नका. त्याच सेटमध्ये ३८१ नंबरचा रँडी जॉन्सन आहे, मागे मार्लबोरोची जाहिरात दिसते, ती पण हळूहळू झाकत नेली, कुठे पूर्ण दिसते, कुठे लालसर, कुठे काळी. त्यातलं एक पूर्ण जाहिरातवालं आणि एक झाकलेलं घेतलंत तर गोष्ट पूर्ण होते, मधल्या पायऱ्या सोडा. वाचलेल्या पैशात ५४८ नंबरचा केन ग्रिफी ज्युनिअर चांगल्या कोपऱ्यांचा घ्या, तो त्या सेटचा खरा चेहरा आहे.

आजकालच्या नव्या सेटमधली मुद्दाम कमी छापलेली वेगळ्या फोटोंची कार्डं यात धरूच नका. ती चूकही नाही आणि सुधारणाही नाही, ती दुर्मिळ व्हावीत म्हणूनच बनवलेली असतात. पाकिटात आलं तर छान, ठेवा.

पैशाचं आणि बायकोचं. त्यांचा प्रश्न रास्त आहे, तुम्ही संपलं म्हणालात आणि त्यांनी विश्वास ठेवला. त्यांना खरं सांगा की सेट संपलाच आहे, आता एक छोटी पुरवणी करायची आहे आणि तिला शेवट आहे, आणि मग तो शेवट लिहून दाखवा. खरंच कागदावर लिहा, नंबरासकट, अल्बमच्या पहिल्या खिशात ठेवा. यादी आधी आणि खरेदी नंतर. यादीत नाही ते कितीही स्वस्त असलं तरी घ्यायचं नाही. आणि यादी लिहिताना एकदा हाही विचार करा की तुमच्या ६६० मध्ये कोपरे झिजलेली, मधोमध घडी पडलेली किती आहेत. कुठल्या पानापाशी तुम्ही पटकन पुढे उलटता? तसं पान असेल तर आधी ते सुधारा, वॉशिंग्टन थांबेल.

सुरुवात मॅककोव्हीपासून करू नका, तो सगळ्यात महाग पडेल. साधं एक घ्या, ३२ नंबरचा जॉनी ग्रब घ्या, सॅन डिएगोवाल्याच्या शेजारी ठेवा आणि थोडे दिवस जाऊ द्या. परत परत जाऊन बघावंसं वाटलं तर बाकीची घ्या. नाही वाटलं तर तिथेच थांबा, मित्र काय म्हणतो ते मित्राजवळ राहू दे.

आणि ही नवी कार्डं मूळ पानांच्या मध्ये घुसवू नका, सगळे नंबर पुढे सरकतील आणि लावलेला अल्बम बिघडेल. मागे नऊ खिशांची दोन पानं जोडा. वॉशिंग्टनची १५, एक अपोडाको, आलूचं जे तुमच्याकडे नसेल ते एक, आणि ५९९ चा दुसरा आकार कधी मिळालाच तर तो. अठरा खिसे बरोबर भरतात, तिसरं पान आणू नका.